समुद्रातला गॅस आटत चाललाय; सोलापूरने त्याच्यावर किती भिस्त ठेवायची?

उत्तर कसबा

सीएनजीचा दर वाढला की आपल्याकडे चार दिवस आरडाओरड होते आणि विषय पंपावरच्या रांगेपाशीच संपतो. हा गॅस येतो कुठून आणि किती उरलाय, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

मुंबईच्या पश्चिमेला साधारण 160 किलोमीटरवर समुद्रात मुंबई हाय आहे. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगला तिथे तेल लागलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. 1980 च्या दशकात, ऐन भरात असताना, तिथून दिवसाला 4 लाख 70 हजार बॅरलच्या आसपास तेल निघत होतं. 2024 मध्ये हाच आकडा 1 लाख 34 हजारांच्या घरात होता. जवळच्या ताप्ती क्षेत्रातला गॅस तर संपलाच, तिथले प्लॅटफॉर्म काढून टाकावे लागले.

याचा सोलापूरशी संबंध असा. सरकार शहरांच्या गॅस कंपन्यांना घरगुती आणि सीएनजी वापरासाठी जुन्या क्षेत्रांतला स्वस्त गॅस देतं. त्याचा दर एप्रिल 2023 पासून कच्च्या तेलाच्या किमतीच्या 10 टक्के, तोही कमाल मर्यादेसह. पण ही जुनी क्षेत्रं दरवर्षी कमी कमी देतात. ऑक्टोबर 2024 मध्ये शहरांचा हा कोटा कापला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा कापला. पुढे थोडा परत दिला, पण दिशा कळली. कमी पडलेला गॅस नव्या विहिरींच्या चढ्या दराने किंवा परदेशातून जहाजाने आणलेला घ्यावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. जो गॅस उरलाय तो खत कारखान्यांना आणि जिथे दुसरा इलाज नाही अशा उद्योगांना द्यावा. चूल आणि रिक्षा विजेवर चालू शकतात, युरिया विजेवर होत नाही. सोलापुरात रस्ते खणून घरोघरी पाइप टाकण्यापेक्षा तोच पैसा छपरावरच्या सोलरला आणि विजेच्या तारा सुधारायला लावा. आपल्या गावाला ऊन कमी पडणार नाही.

समुद्रावरची नोकरी

मी आयुष्याची बरीच वर्षं त्या प्लॅटफॉर्मवर काढली. 14 दिवस समुद्रात, 14 दिवस घरी, मुलं अशीच मोठी झाली. त्यामुळे 'आटतंय' असं कुणी लिहिलं की जीव तुटतो.

दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत, अर्थ मात्र अर्धाच लावलाय. मुंबई हायचं तेल चुनखडकाच्या थरात आहे. सुरुवातीला खालच्या दाबाने ते आपोआप वर येतं. दाब उतरला की बाहेरून समुद्राचं पाणी खाली ढकलून तो टिकवावा लागतो, आणि आमच्याकडे ते काम 1984 पासून चालू आहे. कालांतराने विहिरीतून तेलाबरोबर तेच पाणी वर येऊ लागतं. मग नवी आडवी विहीर मारायची, जुनीतला पाण्याचा थर बंद करायचा, विहिरीत वरून गॅस सोडून तेल उचलायचं. प्रत्येक गोष्टीला पैसा, रिग आणि वेळ लागतो. 2000 नंतर पुनर्विकासाचं मोठं काम झालं म्हणून घसरण आवरली, नाहीतर आज हा आकडाही दिसला नसता. कोणत्याही क्षेत्रातलं सगळं तेल कधीच निघत नाही, बराच भाग खडकातच राहतो. तो काढायचा की सोडायचा, हा प्रश्न आहे.

जानेवारी 2025 मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसीने याच कामासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतलं. 10 वर्षांत तेल 44 टक्के आणि गॅस 89 टक्के वाढवू, असा त्यांचा अंदाज आहे. सगळा खरा होईल असं मी म्हणत नाही. पण आपण आधीच हात वर केले तर पैसा घालणार कोण?

आणखी एक. 27 जुलै 2005 ला मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला, 22 माणसं गेली. मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाली, तेव्हा तर 70 हून जास्त गेली. हा गॅस कसा येतो ते शहरात बसून कळत नाही. तो येतोय तोवर मोलाचा आहे.

एमएच 13 रिक्षा

उत्तर कसबावाले सर, तुम्ही काय बोलूलालाव ओ? रिक्षा विजेवर चालू शकते म्हणे. मी कर्ज काढून सीएनजीची गाडी घेतली, कारण सगळे सांगत होते पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतंय. अजून हप्ते चालू हायत. आता म्हणता गॅस खताला द्या आणि तुम्ही इलेक्ट्रिक घ्या. हप्ते कोण भरणार?

पंपावर गाड्यांची रांग, कधी प्रेशर नाही, कधी गॅसची गाडीच आली नाही. स्टँड ते सात रस्ता सवारी सोडून परत रांगेत. लई हाल हायत. गॅस कमी असंल तर ज्यांचं पोट त्याच्यावर हाय त्यांना आधी द्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

माझं टॉवेलचं डाइंग युनिट आहे. सूत रंगवायचं, ब्लीच करायचं, धुवायचं, वाळवायचं, सगळ्याला वाफ लागते. बॉयलर लाकडावर आणि कोळशावर चालतो. धुराची तक्रार झाली की आमच्याकडे तपासणी येते आणि ती व्हायलाच हवी, आसपास माणसं राहतात, आमचेच कामगार राहतात.

मूळ धागाकर्त्याशी मी अर्धा सहमत आहे. उद्योगाला गॅस द्या हे ते म्हणतात, उत्तम. पण उद्योगाला तो स्वस्त कोटा मिळतच नाही, आम्हाला बाजारभावाने घ्यावा लागतो. बाहेरून आलेला गॅस महागला की टॉवेलच्या किलोमागचा खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक पानिपतला जातं. शिवाय पाइप कुणी एकट्या एमआयडीसीसाठी टाकत नाही. घरं, हॉटेलं, रिक्षा, कारखाने मिळून गिऱ्हाईक झालं तरच कंपनीला परवडतं. तुम्ही घरं आणि रिक्षा काढून घेतल्या तर पाइप आमच्यापर्यंत येणारच नाही. मग आम्ही आहोत तिथेच, लाकडं जाळत.

म्हणून मला पाइप हवा आहे, त्यातला गॅस मुंबई हायचा असो की कतारचा. फेब्रुवारी 2024 मध्ये गॅस आयात करणाऱ्या पेट्रोनेटने कतारबरोबर वर्षाला 75 लाख टनांचा करार 2048 पर्यंत वाढवला. एवढा लांबचा करार देश करतो तो काहीतरी हिशेब करूनच ना?

उत्तर कसबा

मालक, तुमचा पाइपचा मुद्दा मी मानतो, त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही. पण कतारच्या जहाजाचा हिशेब वेगळा आहे. ते इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं. तिकडे तणाव वाढला की इथला दर हलतो आणि तो आपल्या हातात नसतो.

गॅस आहे असं गृहीत धरून बांधलेल्या गोष्टींचं काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. दाभोळचा वीज प्रकल्प 1,967 मेगावॉटचा. बंद पडल्यावर त्याला पुन्हा उभं केलं आणि पुढे आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस दिला. तिथल्या डी-6 ब्लॉकमधून 2009 ला गॅस सुरू झाला, 2010 मध्ये दिवसाला 6 कोटी घनमीटरपर्यंत गेला आणि मग घसरतच गेला. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. दाभोळ 2013 च्या सुमारास बंदच पडलं आणि नंतर रेल्वेला वीज देण्यापुरतं जेमतेम सुरू झालं. उरणच्या गॅस केंद्राची क्षमता 672 मेगावॉट, तेही गॅसअभावी कमी क्षमतेने चालत आलंय. समुद्र शेजारी असलेल्या दाभोळ आणि उरणची ही गत, तर घाट चढून आलेल्या शेवटच्या टोकाच्या सोलापूरने कशाच्या भरवशावर राहायचं?

समुद्रावरची नोकरी

डी-6 ची गोष्ट पुरी सांगा. जुनी डी-1, डी-3 क्षेत्रं फेब्रुवारी 2020 मध्ये बंद झाली हे खरं. त्याच ब्लॉकमध्ये आणखी खोल पाण्यात नवी क्षेत्रं डिसेंबर 2020 पासून सुरू झाली आणि 2023-24 पर्यंत देशाच्या गॅस उत्पादनातला साधारण 30 टक्के वाटा तिथून येऊ लागला. ओएनजीसीच्या शेजारच्या ब्लॉकमधून जानेवारी 2024 मध्ये तेल आलं. घसरण हा शेवट असतो असं धरून बसलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं.

फताटेवाडी

विजेवर चूल, विजेवर रिक्षा, सगळं ठीक. ती वीज कुठून येते तेही बोलू या. आमच्या गावाजवळ एनटीपीसीचे 660 मेगावॉटचे दोन संच आहेत, मिळून 1,320. कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो आणि पाणी उजनीचं. कोळशाचं भाडंच एवढं की ही वीज महाग पडते, मागणी उतरली की संच मागे घेतले जातात. आमची जमीन, आमची हवा आणि आमच्याच वाट्याचं पाणी त्यात जातं. शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं तेव्हा हे आठवा.

एक गोष्ट मात्र सोलापूरची खरी ताकद आहे. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर 765 केव्ही लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. देशभरची वीज आपल्या दारावरून जाते. त्यामुळे गॅसच्या पाइपचं शेवटचं टोक असलो तरी विजेच्या बाबतीत आपण मधोमध आहोत. मी उत्तर कसबाच्या बाजूने, पण अट अशी की नवा कोळसा नको.

करमाळ्याची लेक

अजून कुणी उसाचा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून मीच काढते. दरवेळी कुणीतरी म्हणतं, सोलापूर जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत, इथेनॉल करा, बगॅसवर म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज करा, समुद्र कशाला हवा.

माझे वडील ऊस लावतात. उजनीची साठवण 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसी मृतसाठा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे मृतसाठाही बराच उपसला गेला. बॅकवॉटरला पाइप वाढवत वाढवत लोक गाळापर्यंत पोहोचले. त्याच्या आधीच्या डिसेंबरमध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, कारण साखर कमी पडेल अशी भीती होती. कारखान्यांनी डिस्टिलरीसाठी कर्जं काढून ठेवली होती. बंदी पुढे ढिली झाली, ऑगस्ट 2024 मध्ये उठली. पण पाऊस हुकला की समुद्रातल्या विहिरीइतकाच उसही बेभरवशाचा होतो, हे लक्षात ठेवा. इंधनासाठी आणखी ऊस लावा असं कुणी म्हणालं तर मी विरोध करीन.

हाती आहे ते नीट वापरा, एवढं मात्र म्हणेन. कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारी मळी, असतोच, त्यासाठी वेगळं पाणी लागत नाही. त्यातून बायोगॅस होतो, तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच्या गाडीत चालतो. शहराच्या गॅस कंपन्यांना 2025-26 पासून असा गॅस 1 टक्का मिसळायचाय आणि 2028-29 पर्यंत 5 टक्के. रिक्षावाल्या दादांची गाडी त्यावर तशीच चालेल, नवं कर्ज लागणार नाही.

एमएच 13 रिक्षा

ताई, हे पहिल्यांदा कामाचं ऐकलं. पण 5 टक्क्यांनी माझी रांग कमी होणार का?

करमाळ्याची लेक

5 टक्क्यांनी नाही होणार दादा. 5 ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. जिल्ह्यात एवढे कारखाने असताना सोलापूरने तेवढ्यावर का थांबायचं, हा माझा प्रश्न आहे. प्रेसमड शेतात खत म्हणूनही जातो, तो शेतकऱ्याकडून काढून घेऊ नका. गॅस काढून उरलेला चोथा परत शेतात आला पाहिजे, हे कराराच्या कागदावर लिहून घ्यावं लागेल.

जुळे सोलापूर

सगळे आपापल्या धंद्याचं बोलताहेत, स्वयंपाकघराचं मी बोलते. आपल्याकडचा एलपीजी निम्म्याहून जास्त आयात होतो. म्हणजे पाइप नाकारून सिलिंडर ठेवला तर परदेशावरचं अवलंबन काही सुटत नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवायचा असतो, घरात सासूबाई आणि मी. मला पाइप हवा आहे.

इंडक्शन आहे माझ्याकडे. पण भाकरी त्याच्यावर फुगत नाही, आणि मे महिन्यात दुपारी लाइट गेली की बसा. कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका या गावात किती आहेत ते बघा, त्यांची चूल आधी विजेवर न्या म्हणणं मला पटत नाही.

उत्तर कसबा

ताई, भाकरीचा मुद्दा मान्य. बचत गटांच्या भाकरी केंद्रांना गॅस मिळायलाच हवा, ते उद्योगच आहेत. माझा आक्षेप नव्या कॉलनीत, जिथे अजून काहीच टाकलेलं नाही, तिथे फक्त गॅसचा पाइप टाकून ट्रान्सफॉर्मर जुनाच ठेवण्याला आहे. मेमधली लाइट जाते ती वीज नाही म्हणून कमी आणि डीपीवर लोड झेपत नाही म्हणून जास्त. पैसा तिथे घाला एवढंच मागतोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

डीपी सुधारा, माझा विरोध नाही. पण रात्रपाळीला वाफ लागते तेव्हा छपरावरचा सोलर मला काही देत नाही, आणि विजेच्या बॉयलरचं बिल आजच्या औद्योगिक दराने भरलं तर युनिट सहा महिन्यांत बंद होईल. करमाळ्याच्या ताईंना विचारतो: कारखाना ते एमआयडीसी असा बायोगॅस टँकरने आणायचा तर गाळप बंद असलेल्या महिन्यांत काय? प्रेसमड साठवता येतो का? येत असेल तर आम्ही पाच-सहा डाइंगवाले एकत्र बसून किती गॅस लागेल ते काढतो आणि एखाद्या कारखान्याकडे जातो.

करमाळ्याची लेक

साठवता येतो, पण उघड्यावर ठेवला की त्यातला कस उतरत जातो आणि गॅस कमी मिळतो. झाकून ठेवायची सोय प्रकल्पातच करावी लागते. तुमचा आकडा काढा मालक, आमच्या भागातल्या कारखान्याच्या संचालकांपर्यंत वडील पोहोचवतील. गाळप सुरू व्हायच्या आत यायला हवा.