मदत हवी आहे: आईच्या हातांसाठी घरी मॉइश्चरायझर करायचंय, दोनदा फसलंय

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला असतो. आई डबे करते, रोजचे 40 तरी असतात. दिवाळी सरली की तिच्या हातांचे हाल सुरू होतात, अंगठ्याच्या पेरावर आणि तर्जनीच्या कडेला अशा चिरा पडतात की आतलं लाल दिसतं, आणि ठेच्याचं मिक्सरचं भांडं धुताना नुसती कळवळते. दुकानातली तीन क्रीम आणून दिली, तिघांबद्दल तक्रार एकच, वास. सकाळी साडेचारला कणीक भिजवायला घेते, त्याआधी दोनदा हात धुते तरी म्हणते पोळीला वास लागतो गं, लोकं माझ्या भरवशावर खातात. मग लावायचंच सोडून देते. म्हणून म्हटलं बिनवासाचं काहीतरी आपणच करू, पण मला यातलं काहीही येत नाही.

पहिल्यांदा खोबरेल तेल 3 चमचे, कुंडीतल्या कोरफडीचा गर 2 चमचे, थोडं गुलाबजल आणि व्हिटॅमिन ई ची एक कॅप्सूल फोडून सगळं मिक्सरला फिरवलं. पांढरंशुभ्र, हलकं, अगदी विकतच्यासारखं झालं, मी तर खूशच. दुसऱ्या दिवशी बघते तर खाली पाणी आणि वर तेलाची खडी. तरी ढवळून लावत राहिलो आणि आठव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास आणि बरणीच्या कडेला करडे ठिपके. फेकून दिलं.

मग मामीने गुहागरहून मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, पाठवलं. इतकं सुंदर असतं ते, फिकट पिवळसर गोळा आणि त्यावर दाबणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे. त्यातलं थोडं तिळाच्या तेलात गॅसवर वितळवून ओट्यावर गार व्हायला ठेवलं, तर सकाळी सगळं रवाळ, हातावर घेतलं की कण कण लागतात. आणि चिरांवर ते कण फार टोचतात म्हणे.

तर प्रश्न असे की पहिलं सडलं का, कॅप्सूल घातली की टिकतं असं ऐकलं होतं ते खोटं आहे का, दुसरं रवाळ का झालं, आणि मेण घालायचं म्हणतात ते किती आणि कुठलं, देवापुढच्या मेणबत्तीचं चालेल का? प्लीज सांगा, थंडी पडायला लागलीये.

आगरातली
मुठेलाचं आधी सांगते, आमच्या घरी दरवर्षी करायचे. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगतं ते काढायचं आणि आळत आलं की मुठीत दाबायचं, म्हणून मुठेल. गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. आजी रात्री गोळा दिव्यावर जरासा धरून थेट टाचेच्या भेगेत घासायची आणि पाय शेकायची, सकाळी भेग मऊ. तुमची चूक फक्त गार करण्यात झाली. तूप कढवल्यावर रवा पडावा म्हणून आपण ते मुद्दाम हळूहळू निवू देतो ना, तेच इथे नकळत झालं. पुन्हा पूर्ण वितळवा, एक कणही राहू देऊ नका, आणि भांडं लगेच थंड पाण्यात ठेवून घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. केलेलं वाया गेलेलं नाही, तेच वापरता येईल.

घाण्याचं तेल
मी घरगुती साबण आणि बाम करते, बरीच वर्षं झाली. ताई, पहिलं सडलं ते पाण्यामुळे. कोरफडीचा गर म्हणजे बहुतेक पाणीच, गुलाबजल पण पाणीच, आणि जिथे पाणी तिथे बुरशी आणि जंतू. व्हिटॅमिन ई तेल खवट व्हायला उशीर लावतं, जंतूंना ते अडवत नाही, हे दोन वेगळे विषय आहेत आणि सगळीकडे एकच करून सांगतात. शिवाय तेल आणि पाणी बांधून ठेवायला इमल्सिफायर लागतो, मिक्सरने ती फक्त तात्पुरती गाठ पडते. नवीन माणसाने पाण्याच्या नादी लागूच नये, त्यात उघड्या चिरांवर लावायचंय तेव्हा तर अजिबात नाही.

मेणबत्तीचं मेण बहुतेक पॅराफिन असतं, ते नको, मधमाशीचं मेण मागून घ्या, मधवाल्यांकडे मिळतं. माझं माप वजनावर आहे, चमच्यावर नाही: मेण 8 ग्रॅम, मुठेल 12 ग्रॅम, तिळाचं तेल 60 ग्रॅम. मेण 62-64 अंशाला वितळतं, म्हणून थेट गॅसवर नको, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलची वाटी. मेण आधी, मग मुठेल, मग तेल. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने बघा, फार कडक वाटलं तर तेल वाढवा. बरणी, चमचा सगळं कोरडं ठणठणीत. सुगंधी तेल, लिंबू, हळद काहीही घालू नका. आणि हे लक्षात घ्या, यात पाणी नाही म्हणजे हे त्वचेला ओलावा देत नाही, असलेला अडवून धरतं, त्यामुळे हात धुऊन किंचित ओलसर असतानाच लावायचं.

शिशिर
थोडं वेगळं सांगतो. माझ्या बायकोला असंच होतं, तिला त्वचेच्या डॉक्टरांनी भांड्यांच्या साबणाचा एक्झिमा सांगितला. चिरांतून पाणी किंवा पू येत असेल, सूज असेल तर घरगुती प्रयोग थांबवून आधी दाखवून घ्या. तसं नसेल तरी पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा, तिळाची पण काहींना ॲलर्जी असते. आणि भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी ग्लोव्ह्ज, नाहीतर रात्री लावलेलं सकाळच्या पहिल्या टोपालाच धुऊन जाईल.

(मीच, धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. पू वगैरे नाहीये, तरी पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे नेणार आहे. काल घाण्याचं तेल यांच्या मापाने केलं, आगरातली यांनी सांगितलं तसं भांडं गार पाण्यात धरून ढवळलं, 10 मिनिटांत लोण्यासारखं आलं आणि एकही कण नाही! वास फक्त तिळाचा, तो आईला स्वयंपाकाचाच वाटतो त्यामुळे तक्रार नाही. कोपराला लावून ठेवलंय, उद्या दोन दिवस होतील, मग रात्री हाताला लावून जुने सुती मोजे घालून झोपायला सांगणार आहे.

आता एक शेवटचं. आई म्हणते एक डबी आपल्या मावशींना पण दे, त्या चार घरची भांडी करतात. त्यांच्या बोटांना चिरा नाहीत, पण मधल्या बेचक्यात खाज आणि बारीक पुरळ आहे, रात्री जास्त खाजतं म्हणतात. त्यांना हे लावलं तर चालेल का?

शिशिर
नको. बेचक्यात आणि रात्री जास्त म्हणजे खरूज असू शकते, त्यावर तेल-मेण लावून काही होणार नाही आणि ती घरात एकमेकांना लागते. सोमवारी आईबरोबर त्यांनाही घेऊन जा.