नाशिकवरचा ब्लॉग: मिसळ-वायनरीच्या गर्दीत वेगळं काय करता येईल?

गोदाघाट (मूळ प्रश्न)

नाशिक शहरावर मराठी ब्लॉग आहे, वर्डप्रेसवर. आतापर्यंतचे विषय नेहमीचेच: मिसळ कुठे खावी, वायनऱ्या, त्र्यंबकेश्वर दर्शन, पांडवलेणी, पावसाळ्यातल्या जागा. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये इंप्रेशन दिसतात (म्हणजे शोधात पान दिसतं), क्लिक जवळजवळ नाहीत. याच विषयांवर मोठी पोर्टलं आहेत, ट्रॅव्हल साइट आहेत, यूट्यूबवाले आणि इन्स्टाची पानं आहेत. आता तर गुगल वरच्या वर उत्तर देऊन मोकळं होतं. कुंभ जवळ आल्याने गर्दी आणखी वाढणार.

एकट्याने चालवायचं आहे, आठवड्याला सहा-सात तास मिळतात. विषय कसे निवडायचे? मराठीतच राहावं का? आणि होस्टिंगचा खर्च तरी यातून निघेल का? ‘दर्जेदार लिहा, सातत्य ठेवा’ एवढंच असेल तर कृपया राहू द्या.

---

जुनं_नाशिक

मिसळीवर लिहिणं बंद करा. ‘नाशिकमधल्या दहा मिसळी’ ही यादी ठाणे शहरात बसूनही करता येते, आणि बहुतेक याद्या तशाच झालेल्या असतात. जी माहिती मिळवायला शहरात राहावं लागतं आणि जी दर दोन-चार महिन्यांनी बदलते, ती धरा. अशी माहिती कोणीच लिहीत नाही असं नाही. लिहून झाल्यावर तिच्याकडे परत कोणी बघत नाही, तिथे तुम्हाला जागा आहे.

बसचंच घ्या. सीबीएस, मेळा, ठक्कर बाजार, महामार्ग. कुठल्या गावची गाडी कुठल्या स्थानकातून सुटते हे अर्ध्या नाशिककरांनाही छातीठोक सांगता येत नाही, कारण बांधकाम निघालं की गाड्या इकडच्या तिकडे होतात. यावर एकच पान करा, गावानुसार: पुणे, मुंबई, त्र्यंबक, वणी, शिर्डी, धुळे. प्रत्येक गावापुढे स्थानक, आत शिरल्यावर कुठल्या बाजूला, पहिली आणि शेवटची गाडी, जवळचा सिटीलिंकचा (शहर बससेवेचा) थांबा. शेवटच्या रकान्यात कधी तपासलं आणि कसं तपासलं ते: ‘जाऊन पाहिलं’, ‘चौकशी खिडकीवर विचारलं’, ‘एसटीच्या सूचनेवरून’. नुसती तारीख कोणीही टाकतं. कसं कळलं हे लिहिलं की वाचणाऱ्याला किती भरवसा ठेवायचा ते ठरवता येतं, आणि तुम्हालाही पुढच्या वेळी कुठली ओळ आधी तपासायची ते कळतं. वेळा चित्रात टाकू नका, साध्या तक्त्यात टाका. चित्रातलं धड शोधता येत नाही, मोबाइलवर वाचताही येत नाही.

दुसरा विषय महापालिकेची कामं. विभाग सहा: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड. कागदपत्रांची यादी सगळीकडे मिळते. माणूस अडतो तो ‘माझी कॉलनी कुठल्या विभागात’ इथे. लोक ‘सिडको’ म्हणतात, कागदावर ‘नवीन नाशिक’ असतं. कॉलनीचं नाव, विभाग, कार्यालय असा तक्ता करा आणि जागा सांगताना लोक सांगतात तसंच सांगा: कुठल्या सिग्नलवरून आत, कुठल्या सर्कलच्या अलीकडे. प्रत्येक सेवेच्या पानावर मुदतही टाका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना कामाची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी ठरलेले असतात. खेप फुकट गेलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं, आणि याद्यांमधून तेच गाळलेलं असतं.

तिसरं, सणवार. बाहेरची पानं होळीच्या दुसऱ्या दिवशी ‘नाशिकमध्ये रंग कुठे खेळाल’ छापतात. इथे रंग खेळतात रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात: शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा. यंदा कुठली उघडणार, किती वाजता, गाडी कुठे लावायची, लहान मुलांना न्यावं का, एवढं दिलंत तरी त्या आठवड्यात तुमच्या पानाला स्पर्धा नाही. पान तीन आठवडे आधी ताजं करा. पानाच्या वेबपत्त्यात (यूआरएलमध्ये) वर्ष घालू नका. दर वर्षी नवं पान केलं की गेल्या वर्षी मिळालेले दुवे जुन्या पानावरच राहतात.

कुंभाबद्दल: ‘कुंभाच्या तारखा’ या शोधावर तुम्ही वर येणार नाही, नाद सोडा. पण पंचवटीत राहणाऱ्याला, रामकुंडाजवळ दुकान असणाऱ्याला, नाशिकरोडहून रोज शहरात येणाऱ्याला जे लागेल त्यावर पोर्टलं लिहिणार नाहीत. जाहीर अमृतस्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला. तिसरं नाशकात ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरी १२ सप्टेंबरला. उचललेल्या याद्यांत या दोहोंची एकच तारीख करून टाकतात. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला स्नान करतात आणि वैष्णव रामकुंडावर, हे माहीत असलं की तो घोळ होत नाही.

अधिकृत यादी मिळत नसेल (वाहनतळ, आठवडी बाजाराच्या जागा वगैरे), तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दोन विषय एकत्र केले की तेवढ्यावरून अर्ज अडतो. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ‘यादीची प्रत द्यावी’ असं लिहा.

---

अनुस्वार

वरचं पटलं. मी फक्त मराठी साइटच्या तांत्रिक बाजूवर लिहितो, कारण चांगली पानं तिथेच अडकतात.

पानाचा वेबपत्ता रोमन लिपीत ठेवा. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी स्लग (पत्त्याचा शेवटचा भाग) बनवतं आणि तो टक्क्याच्या चिन्हांसकट साठवतं. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, म्हणजे त्या रूपात नऊ अक्षरांचं. स्लगच्या रकान्याची मर्यादा २०० अक्षरं. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे साधारण बाविसाव्या चिन्हानंतर पत्ता कापला जातो. ‘नाशिक महानगरपालिका...’ अशी सुरुवात असलेली सगळी पानं मग त्याच पत्त्याला शेवटी २, ३, ४ लावून उभी राहतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर तो पत्ता तीन-चार ओळी टक्केच टक्के दिसतो आणि घरातली मोठी माणसं फसवणुकीची लिंक समजून पुसून टाकतात. जुने पत्ते बदलणार असाल तर लक्षात ठेवा: ‘पोस्ट’चा स्लग बदलला की वर्डप्रेस जुन्यावरून नव्यावर स्वतः नेतं, ‘पेज’चा बदलला तर नेत नाही. तिथे ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं नेणारी सोय) हाताने लावावं लागतं.

मराठीतच राहा. पण शोधणारे बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून पहिल्या परिच्छेदाखाली दोन ओळींचा इंग्रजी सारांश द्या. सगळं पान दोन्ही भाषांत कालवू नका. इंग्रजी पूर्ण हवं असेल तर वेगळं पान आणि दोन्हींवर एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेत हे गुगलला सांगणारी खूण). शब्दांची रूपंही वाक्यातच येऊ द्या: नाशिक आणि नासिक, त्र्यंबक आणि त्रंबक. तळाला शब्दांची रास घालणं ही फार जुनी खोड आहे आणि तिचा उपयोग शून्य.

फाँट: मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोनच वजनं (अक्षरांच्या जाडी), वॉफ-२ या वेबफाँटच्या प्रकारात स्वतःच्या सर्व्हरवर. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट. बहुतेक थीम इंग्रजीसाठी बनलेल्या, शीर्षकाला १.२ देतात. त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो.

आता सरकारी सूचना. त्या एक तर स्कॅन असतात, नाहीतर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये. कॉपी केलं की कचरा येतो आणि गुगललाही त्यातलं काही नीट सापडत नाही. हीच तुमची संधी. गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, देवनागरी बऱ्यापैकी ओळखतं, मग युनिकोडमध्ये सारांश लिहा आणि मूळ पीडीएफ जोडा. पण तारखा, रकमा आणि सर्व्हे नंबर मूळ कागदाशी एकेक करून पडताळा. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) आकड्यांत चुकतं, आणि शब्दातली चूक दिसते तशी आकड्यातली दिसत नाही.

सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा मिळतो. सरासरी स्थान ८ ते २० मधले शोध वेगळे काढा. इंप्रेशन असून क्लिक नाही असे शोध तिथेच असतात. त्या शोधाचं उत्तर तुमच्या पानावर कितव्या परिच्छेदात आहे ते बघा. बहुधा ‘नाशिक ही मंदिरांची नगरी’ अशा प्रस्तावनेखाली गाडलेलं असेल. प्रस्तावना उडवा.

---

गोदाघाट

दोघांचेही आभार. रहाडी आणि बसचं पान करतोच. दोन शंका. शोधावरून लोक येईपर्यंत काय करायचं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढावा का? आणि पावसाळ्यात पुराचं पान ठेवावं का? तेव्हा सगळं शहर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं.

---

मेनरोड

ग्रुप नको, चॅनेल काढा. ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसतात. आठवड्यात कोणीतरी प्लॉटच्या जाहिराती सुरू करतं, आणि तुमचे सहा तास हटकण्यात जातात. ब्रॉडकास्ट लिस्टही चालत नाही, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोचतो. चॅनेलवर आठवड्याला दोन संदेश पुरे, आणि ते ‘नवी पोस्ट वाचा’ असे नकोत. ‘या आठवड्यात काय बदललं’ हे तिथल्या तिथे वाचून संपेल असं लिहा, लिंक खाली. सोसायट्यांच्या ग्रुपवर पुढे जातो तो असाच मजकूर. लिंकसोबत दिसणारं चित्र १२०० गुणिले ६३० पिक्सेल, ३०० केबीच्या आत. जड असलं की चित्र येतच नाही.

चुका कळवण्याची सोय प्रत्येक पानावर हवी. व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक बनवता येते, तिच्यात संदेश आधीच भरलेला ठेवा: पानाचं नाव आणि ‘यात बदल झाला आहे:’ एवढं. फॉर्म भरायला लावलंत तर कोणी भरणार नाही. यासाठी वेगळं सिम घ्या, घरचा नंबर देऊ नका.

पैशाचं. अ‍ॅडसेन्स मराठीला चालतं, पण तुमच्या आकाराच्या साइटवर त्यातून फार निघत नाही आणि जाहिराती उशिरा उतरून मजकूर खाली ढकलतात. लावायच्याच असतील तर त्या चौकटीची उंची आधीच राखून ठेवा. त्यापेक्षा एका पानाला एकच प्रायोजक, ठरलेल्या महिन्यांसाठी, ठरलेल्या रकमेत. बसच्या पानाला लॉज किंवा सामान ठेवण्याची सोय देणारा, महापालिकेच्या पानाला कर सल्लागार. तक्त्याच्या खाली, ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहून, लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ खूण (ही लिंक पैशाची आहे हे गुगलला सांगणारी) लावून. तक्त्यातली ओळ विकायची नाही. जेवण फुकट मिळालं असेल तर तेही सांगा. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फुकट वस्तू किंवा सेवा हाही आर्थिक संबंधच धरला आहे.

---

जुनं_नाशिक

पुराचं पान ठेवा, पण अंदाज वर्तवू नका. दोन आकडे द्या, दोन्ही वेळेसकट: गंगापूर धरणातून सुटलेला विसर्ग आणि होळकर पुलाखालचा प्रवाह. लोक या दोहोंत गल्लत करतात. धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांचं पाणी मध्येच मिळतं, त्यामुळे पुलाखालचा आकडा मोठा दिसतो आणि ‘धरणातून लपवून जास्त सोडलं’ अशी आवई उठते. पानाच्या डोक्यावर एवढं समजावलंत तरी तुम्ही निम्म्या पोर्टलांच्या पुढे. क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. १००० क्युसेक दिवसभर चाललं तर ८६.४ दशलक्ष घनफूट होतात, आणि गंगापूरची क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट. हे हिशेब एकदाच मांडून ठेवायचे.

तिसरी नोंद दुतोंड्या मारुतीची, म्हणजे गोदापात्रातल्या त्या मूर्तीची, जिच्यावरून नाशिककर पुराची पातळी जोखतात. पाणी गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, हे नाशिककराला क्युसेकपेक्षा लवकर कळतं. फोटो आजचाच असेल तर लावा आणि वेळ फोटोवरच लिहा, कारण तो फोटो तुमच्या पानावरून सुटून पुढच्या पावसाळ्यातही फिरणार आहे. दुसऱ्याने पाठवलेला फोटो, वेळ पक्की कळत नसेल तर, घेऊ नका. आणि पाण्याजवळ जाऊन काढलेला तर मुळीच नको, तो लावला की आणखी दहा जण तिथे जातात.

वेळेचं गणित: सहा तासांत नवं पान दर आठवड्याला होणार नाही, करूही नका. तीन तास जुन्या पानांची पडताळणी, दोन तास नव्या पानाची माहिती गोळा करणं, उरलेल्यात चॅनेल आणि आलेले निरोप. एकट्याने पंधरा-वीस पानं नीट सांभाळता येतात, त्यापुढे तारखा शिळ्या व्हायला लागतात. पडताळणीची वही ठेवा: पान, शेवटची तपासणी, पुढची केव्हा. बसचं पान महिन्याला, महापालिकेचं तीन महिन्यांनी, रहाडीचं वर्षाला. एखादं पान तपासायला वेळ मिळाला नाही तर जुनी तारीख तशीच दिसू द्या, मजकूर न बदलता तारीख पुढे ढकलू नका. जुन्या मिसळीच्या पोस्ट काढून टाकायची गरज नाही, मेनूतून मात्र खाली उतरवा.