मदत हवी आहे: ३ किलोवॅट सोलरसोबत बॅटरी घ्यावी का? (इंदूर)

नमस्कार मंडळी. राजेंद्रनगरला आमचं दुमजली घर आहे. ‘पीएम सूर्यघर’ या केंद्राच्या सोलर अनुदान योजनेतून गच्चीवर ३ किलोवॅटचा ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या जाळ्याला म्हणजे ग्रिडला जोडलेला, बॅटरीविना) संच बसवायचं ठरलं होतं. अनुदान ७८ हजार, वीज रोज सरासरी १२ युनिट, आणि आमचा वापरही साधारण तेवढाच.

आता विक्रेता म्हणतो, हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी घ्या, सोबत ‘स्मार्ट एनर्जी मॅनेजमेंट’. म्हणजे मोबाइलवर आलेख दिसणार आणि बोअरची मोटर, गीझर ऊन असताना आपोआप चालू होणार. खर्च जवळजवळ दुप्पट, आणि बॅटरीला अनुदान नाही. बाबा म्हणतात, बारा वाजता मोटर लावायला मी आहे की घरात. (आहेतच, आणि कुठल्याही ॲपपेक्षा वक्तशीर.)

माझं अडतंय ते वेगळीकडेच. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात, मग वेगळी बॅटरी कशाला? पण आमच्याकडे स्मार्ट मीटर लागलाय, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली तेही नोंदवणारा. २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार उन्हाच्या तासांत वीज स्वस्त, गर्दीच्या वेळी महाग. मग दुपारचं युनिट संध्याकाळच्या युनिटातून सरसकट वजा होतं, की वेळेच्या टप्प्यानुसार हिशेब वेगळा? बॅटरीचं सगळं गणित यावरच फिरतं. सोलर आणि स्मार्ट मीटर दोन्ही असलेलं कुणी आपलं बिल बघून सांगेल का? विक्रेता या प्रश्नावर माहितीपत्रक पुढे करतो.

शिवाय चारनंतर शेजारच्यांच्या टाकीची सावली दोन पॅनलवर येते. त्यासाठी मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर) लावावेत का?

प्रतिसाद:
वीज गेली की साधा ऑन-ग्रिड संच भर उन्हातही बंद होतो, हे सांगितलंय का त्यांनी? लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तशी सोय असते. तेव्हा तुमच्याकडे वीज किती वेळ जाते ते आधी बघा. दहा-पंधरा मिनिटंच जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर पुरे. १५० एएचच्या (ॲम्पिअर-अवर, बॅटरीची क्षमता) १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. निम्मी धरली तरी पंखे, दिवे, वायफाय निघतात. मोटर मात्र त्यावर नको. सावलीचं म्हणाल तर चारनंतर उत्पादन तसंही उतरतीला लागलेलं असतं, पॅनल थोडे सरकवता येतात का तेवढं बघा. बॅटरी नंतरही जोडता येते. आधी दोन-चार बिलं हातात येऊ द्या.