घेर कमी करू नये
१/६ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या एक-षष्ठांश आकाराच्या, मध्ययुगीन योद्ध्याच्या आकृतीचा अंगरखा फुगलेला दिसतो म्हणून घेर कमी करावा, ही सूचना मला पटत नाही. दोष घेराचा नसून कापडाच्या जाडीचा असतो. ०.३ मि.मी. जाडीचे कापड या प्रमाणात १.८ मि.मी.चे भासते आणि अंगालगत पडत नाही. अनेकदा धुतलेली जुनी मलमल घ्यावी व काठ दुमडण्याऐवजी त्याला पातळ केलेला डिंक लावून, तो वाळल्यावर कापावा. घेर मात्र ठेवावाच, कारण ग्रीनलंडमधील हेर्योल्फस्नेस येथे १९२१ साली उत्खननात मिळालेल्या मध्ययुगीन लोकरी झग्यांना त्रिकोणी कळ्या, म्हणजे घेर वाढवणारे कापडाचे तुकडे, जोडलेल्या आहेत, आणि त्या काळच्या पोशाखाचे खरे सौंदर्य, निदान माझ्या नजरेला, त्या कळ्यांतच आहे. शिवून झाल्यावर अंगरखा ओला करून आकृतीवर चढवावा, चुण्या बोटांनी बसवाव्यात आणि दोऱ्याने सैल बांधून तसाच वाळू द्यावा.