रुग्णालयातील माणसांचे वागणे-बोलणे : आपले अनुभव लिहा

धागाकर्ती
मागच्या महिन्यात आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पुण्यातील एका खाजगी रुग्णालयात चार दिवस होतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तिच्याबद्दल तक्रार नाही. परंतु आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या आईची शस्त्रक्रिया सकाळीच दुसऱ्या दिवसावर ढकलली गेली होती, आणि ते आम्हाला कोणी सांगायचे हे ठरलेले नसल्यामुळे ‘तोंडावाटे काहीही देऊ नये’ ही पाटी दुपारी चारपर्यंत तिच्या खाटेला लटकत राहिली. शेवटी फरशी पुसायला आलेल्या मावशी म्हणाल्या, “आजींचं तर उद्यावर गेलंय, त्यांना चहा तरी द्या की.” डॉक्टरांनी सांगितले असेल असे सिस्टरांना वाटले होते, आणि सिस्टरांनी सांगितले असेल असे डॉक्टरांना. असे बरे-वाईट अनुभव येथे लिहावेत. रुग्णालयाचे आणि व्यक्तीचे नाव कृपया टाळावे.

सोलापूरकर
वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत. खिडकीवरच्या गृहस्थांनी ती कसर बोलण्यात भरून काढली. “आधार कार्ड नाही तर आलात कशाला?” हे वडील स्ट्रेचरवर असताना ऐकावे लागले. वॉर्डातील तरुण डॉक्टरांनी मात्र त्याच केसपेपरच्या पाठीमागे मेंदूचे चित्र काढले आणि रक्ताची गाठ डाव्या बाजूला असताना हात उजवा का हलत नाही, हे आईला तिच्या भाषेत समजावले. नंतर घरी हाताचे व्यायाम करून घेताना आई कधी चुकली नाही, त्याचे श्रेय मी त्या चित्राला देतो.

रात्रपाळी
मी अठरा वर्षे स्टाफ नर्स आहे. समर्थन म्हणून नव्हे, पण आमच्याकडचेही लिहिते. चाळीस खाटा, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, आणि रात्री आम्ही दोघी. अशाच एका रात्री पाणी मागणाऱ्या आजींवर “मला दोनच हात आहेत” असे मी खेकसले. त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही. पहाटे चादर बदलायला गेले तेव्हा कळले की लघवीचे भांडेसुद्धा त्यांनी मागितले नव्हते. हल्ली पाळी सुरू होताच मी प्रत्येक खाटेपाशी जाऊन पाणी आणि भांडे विचारून घेते. त्यात वीस-पंचवीस मिनिटे जातात, पण पुढच्या हाका निम्म्यावर येतात. हे मला प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते.

दोन लेकरांची आई
पहिल्या बाळंतपणात प्रसूतिकक्षात मी एकटी होते आणि कळा देताना जे ऐकावे लागले ते येथे लिहिण्याजोगे नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीजवळ सोबतीला एक जण असू देण्यावर भर आहे. दुसऱ्या खेपेला त्याच ग्रामीण रुग्णालयात सासूबाईंना आत सोडले. सिस्टर त्याच होत्या. भाषा मात्र “बाळा, जरा दम धर” अशी.

लेस्टरवासी
येथे इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात पत्नीच्या बाळंतपणाच्या वेळी खोलीत येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचे नाव सांगत असे. केट ग्रेंजर या डॉक्टर कर्करोगाने आजारी असताना, आपली शुश्रूषा करणारे अनेक जण नावही सांगत नाहीत हे त्यांना जाणवले आणि 2013 मध्ये त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. तातडीच्या विभागात मात्र मुलाच्या मोडलेल्या मनगटासाठी आम्ही सात तास बसलो. सगळ्यांची नावे कळली, आपला नंबर कधी लागणार तेवढे कळले नाही.

धागाकर्ती
काल टाके काढायला गेलो होतो. लिफ्टशेजारी दोन फलक आहेत. कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास 2010 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हा मोठ्या लाल अक्षरांत. खाजगी रुग्णालयांनी 2021 च्या नियमांनुसार लावायची रुग्णहक्कांची सनद बारीक टायपात, आणि तिच्यापुढे कुंडी. पाटीच्या प्रकाराबद्दल लेखी तक्रार दिली. इन्चार्ज सिस्टरांनी ती उभ्यानेच पूर्ण वाचली आणि शस्त्रक्रिया पुढे गेल्यास वॉर्डात फोन कोणी करायचा, ते नाव यापुढे ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) यादीवरच लिहायला लावते, असे सांगितले.