सात आणि चार वर्षांची मुले घरीच शिकत असताना दिवस कसा बसवावा?

प्रश्न : मनीषनगरची आई

नमस्कार. आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा. बालवाडी संपल्यावर मुलीला घरीच शिकवायचे, असे आम्ही दोघांनी पुष्कळ विचार करून ठरवले, त्याला आता दीड वर्ष होत आले. तो निर्णय बरोबर की चूक याची चर्चा मला येथे नको आहे. आम्हांला तो आजही योग्य वाटतो. माझी अडचण रोजच्या दिवसाची आहे.

उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याच सुमारास मी एक वेळापत्रक आखून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवले. साडेनऊला मराठी, सव्वादहाला गणित, अकराला परिसर अभ्यास, असे ते होते. पहिला आठवडा बरा गेला आणि त्यानंतर एकही दिवस त्याप्रमाणे पार पडला नाही. कालचेच सांगते. मुलगी वही उघडून बसली, तोच धाकट्याला भूक लागली. त्याला पोहे देऊन परत येते तो मुलीने तिसऱ्या ओळीवर पेन्सिल ठेवून दिली होती. तिला पुन्हा बसवले, तर धाकटा तिच्या वहीवर रंगीत खडूने रेघा ओढू लागला आणि दोघांचे भांडण जुंपले. मी आवाज चढवला, ज्याचे मला दिवसभर वाईट वाटत राहिले. मग कुकर, भाजी, धुणे, आणि साडेबाराला पाहिले तर गणिताची दोनच उदाहरणे झाली होती.

यजमान सकाळी आठला बुटीबोरीला कामावर निघतात आणि सातच्या पुढे परततात. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्या टोचून बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन विचारतात, "आज काय शिकलीस गं?" आणि मुलगी सरळ सांगते, "काही नाही." ते उत्तर ऐकून माझा दिवसभराचा जीव एका क्षणात थकतो.

मुलगी साधे शब्द वाचते, पण जोडाक्षरांपाशी अडते, आणि पंचवीस लिही म्हटले की ५२ लिहिते. आपण दिवस कसा बसवता, धाकट्याला त्या वेळात काय देता, आणि आज काहीतरी झाले हे कशावरून ओळखता? पुढच्या परीक्षांचा विचार आतापासून करावा का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद : प्रतापनगर, तीन मुलांची आई

ताई, तुमचा कालचा दिवस वाचताना मला माझे पहिले वर्ष आठवले. माझी मुले आता बारा, नऊ आणि पाच वर्षांची आहेत आणि तिघेही घरीच शिकतात.

पहिली गोष्ट म्हणजे ते वेळापत्रक दारावरून काढा. शाळेत पस्तीस मिनिटांचा तास असतो, कारण तिथे एका वर्गात चाळीस मुले असतात आणि पुढच्या तासाला दुसरे शिक्षक दाराशी उभे असतात. आपल्या घरी दिवसाचे वळण धाकट्याच्या भुकेवर आणि झोपेवर ठरते, आणि ते मान्य करूनच दिवस मांडावा लागतो. मी घड्याळाऐवजी तीन खुंट्या धरल्या आहेत: सकाळचा नाश्ता, दुपारची धाकट्याची झोप आणि दिवेलागण. नाश्त्यानंतर जे बसून करायचे ते, झोपेच्या वेळी मोठ्यांपैकी एकाशी निवांतपणे जे बोलायचे ते, आणि दिवेलागणीनंतर गोष्ट. मधल्या वेळात घरातली कामे आणि खेळ. नाश्ता नऊला झाला काय किंवा दहाला झाला काय, क्रम मोडत नाही.

दुसरे, सुरुवात नेहमी धाकट्यापासून करा. हे मला फार उशिरा कळले. मी मोठीला घेऊन बसायची आणि धाकटा मध्ये येऊ नये म्हणून दिवसभर झटायची. आता पहिली वीस मिनिटे पूर्णपणे सगळ्यांत लहानाची असतात. मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक, ताटात रवा पसरून त्यावर बोटाने धुळाक्षरे, एखादे बडबडगीत. पोट भरले आणि आई मिळाली की तो पुढचा अर्धा तास आपणहून खेळतो. त्याच्यासाठी मी एक टोपली वेगळी ठेवली आहे, जी फक्त त्याच अर्ध्या तासात खाली येते: झाकणांचे डबे, चाळणी, मोठी लाकडी बटणे, गव्हाच्या कणकेचा गोळा. (मूग, मटकी वेगळी करायला देण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण चार वर्षांचे मूल दाणा नाकात घालू शकते, म्हणून ते मी समोर बसलेली असतानाच देते.)

आणि घरातल्या कामांना अभ्यासातून चोरलेला वेळ समजू नका. आपल्या नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत कूलरमध्ये पाणी भरणे हे रोजचेच काम. माझ्या मधल्या मुलाने एकदा मोजले की आमच्या कूलरला किती बादल्या लागतात आणि एका बादलीत किती तांबे मावतात. मग सकाळी भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत किती कमी होते आणि ढगाळ दिवशी ते कमी का उडते, हे तो आठवडाभर वहीत लिहीत राहिला. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि म्हणून पावसाळ्यात कूलरचा गारवा जाणवत नाही, हे त्याला मी शिकवले नाही. ते त्याच्या तक्त्यातून निघाले. संत्र्यांचेही तसेच. अंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या आसपास येते आणि मृग बहाराचे उन्हाळ्याच्या तोंडावर. दोन्ही वेळचा डझनाचा भाव लिहून ठेवा, म्हणजे मुलीला बेरीज-वजाबाकीसाठी वेगळी उदाहरणे शोधावी लागणार नाहीत.

सध्या पोळा जवळ आला आहे. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल या वर्षी दोघांकडून घरीच सजवून घ्या. झूल शिवायची तर बैलाची लांबी-रुंदी मोजावी लागते, बाशिंगाचे दोन्ही भाग सारखे यावे लागतात, आणि चार वर्षांच्या मुलालाही चाकाला दोरी ओवण्याचे काम देता येते. त्याच दिवशी आपल्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ती कोणत्या रस्त्याने जाते ते आजींकडून ऐकून मुलीने नकाशा काढला, तर परिसर अभ्यासाचा आठवडा तिथेच पूर्ण झाला.

रात्री मुले झोपल्यावर मी पाच ओळी लिहिते: आज कोणी काय विचारले, काय करून पाहिले, काय वाचले. वेळापत्रक आधी लिहिले की त्यात न झालेल्याचीच यादी दिसते. दिवस संपल्यावर लिहिले की झालेले दिसते.

प्रतिसाद : धरमपेठ, निवृत्त शिक्षिका

मी एकतीस वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवले. माझी नात सध्या घरीच शिकते आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. प्रतापनगरच्या ताईंनी सांगितलेले बहुतेक मला पटते, आणि आपल्या भागाला ते नवेही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिचा गाभाच हाताच्या कामातून शिक्षण हा होता. परंतु एका बाबतीत मी सावध करू इच्छिते. कूलरमधून बाष्पीभवन समजते. जोडाक्षर समजत नाही. वाचन आणि अंकलेखन ही दोन कौशल्ये अशी आहेत की ती रोज थोडी, ठरवून आणि क्रमाने द्यावी लागतात. रोज वीस मिनिटे पुरेत, पण ती चुकवू नयेत.

जोडाक्षरांचे सांगते. मुलांना सुरुवातीला ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरे का देतात, तर चार अक्षरांत नभ, गगन, नमन असे शब्द लगेच वाचता येतात आणि मुलाला हुरूप येतो. जोडाक्षरांतही असाच क्रम धरावा. आधी एकच अक्षर दोनदा येते असे शब्द घ्यावेत, जसे पक्का, कच्चा, अण्णा. ते कानाला स्पष्ट ऐकू येतात. मग ज्या अक्षरांना उभी रेघ आहे त्यांची रेघ गळून ती पुढच्या अक्षराला चिकटतात, असे रस्ता, पुस्तक, ग्लास हे शब्द घ्यावेत; कागदावर स लिहून त्याची रेघ कात्रीने कापून दाखवली की मुले ते विसरत नाहीत. ट, ड, द यांसारखी रेघ नसलेली अक्षरे त्यानंतर. आणि र सगळ्यांत शेवटी, कारण तो सूर्यात डोक्यावर बसतो, चक्रात पायाशी जातो, ट्रकमध्ये वेगळाच दिसतो आणि दुसऱ्या या शब्दात आणखी निराळा. ही चार रूपे एका दिवसात शिकवण्याची घाई केल्यामुळेच पुष्कळ मुले वाचनाला घाबरतात. एका रूपाला एक आठवडा द्यावा.

आता पंचवीसचे. तुमची मुलगी चुकत नाही. ती ऐकते तसे लिहिते. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, आणि लिहिताना नेमके उलट करतो. एकोणतीस तर त्याहून अवघड, कारण त्यात नऊचा उच्चारच नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस पाच अशीही पद्धत दिली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. भाषा बिघडेल ही भीती मला त्या वेळीही पटली नव्हती, कारण लहान मुलाला ती पायरी म्हणून द्यायची असते. घरी काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधा. मुलीने दोन जुडगे आणि पाच सुट्या काड्या मांडाव्यात, वीस आणि पाच म्हणावे, २५ लिहावे आणि मग मोठ्याने पंचवीस म्हणावे. महिनाभरात उलटे अंक थांबतात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. सासूबाई रोज विचारतात, याचा अर्थ त्यांना नातीच्या शिक्षणात वाटा हवा आहे. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ केलेली आहे. ती त्यांच्याकडे सोपवा.

प्रतिसाद : नंदनवन, दोन मुलांचा बाबा

परीक्षांविषयी आणि कागदपत्रांविषयी मी लिहितो, कारण आमची मोठी मुलगी त्यातून जाते आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पाल्याला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, आणि घरी शिकवण्यासाठी वेगळी नोंदणी किंवा परवानगी अशी सोय त्यात नाही. हे वास्तव डोळ्यांआड करू नये. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेत नसलेल्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. म्हणजे उद्या तुम्हांला किंवा मुलीला शाळेत जावेसे वाटले, तर परतीची वाट बंद झालेली नाही. माझ्या पत्नीला रात्री झोप लागू लागली ती हे समजल्यावर.

परीक्षांची घाई नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मूलभूत शिक्षण कार्यक्रमात अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत, आणि त्यांच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा मराठीतूनही देता येतात. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज भरायच्या वर्षी संकेतस्थळावरची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. ती उतरवून ठेवा आणि वर्षातून दोनदा मुलगी साधारण कुठे आहे हे त्यांवरून ताडून पाहा.

जन्मदाखला, आधार, आणि बालवाडी ज्या शाळेला जोडलेली होती तिथून दाखला मिळाला असल्यास तो, हे एका फाईलमध्ये ठेवा. लसीकरणाचे कार्डही त्यातच. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीची) दुसरी वर्धक मात्रा असते. शाळेतल्या मुलांना अशा गोष्टींची आठवण शाळेकडूनही मिळते, आपल्याला ती स्वतः ठेवावी लागते. मुलीची राहून गेली असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे.

शेवटी एक विनंती, आणि ती तुमच्या यजमानांना आहे. मीही सात वाजता घरी येतो. आम्ही ठरवले की रविवारची सकाळ आईची सुट्टी. मी मुलांना कधी फुटाळा तलावावर नेतो, कधी अजबबंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, पावसाचा दिवस असेल तर रमण विज्ञान केंद्रात. पत्नी त्या चार तासांत काय करते हे मी विचारत नाही. तिच्या सोमवारात जो फरक पडतो तो मला दिसतो.

पुन्हा : मनीषनगरची आई

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मध्ये पोळा होऊन गेला, म्हणून उत्तराला उशीर झाला.

वेळापत्रक त्याच रात्री काढले. धाकट्याला पहिली वीस मिनिटे देणे अवघड जाईल असे वाटले होते, कारण त्या वेळात मोठी काय करील याची काळजी होती. ती शेजारी येऊन बसते आणि त्याच्या रव्याच्या ताटात स्वतःचीही अक्षरे काढते. जोडाक्षरांत आम्ही रेघेच्या अक्षरांपर्यंत आलो आहोत. कात्रीने कापलेले स तिने डब्यात जपून ठेवले आहेत. काड्यांचे जुडगे सुरू आहेत, पण एकोणतीस अजून नीट जमत नाही. भांडणे थांबलेली नाहीत. एक दिवस पुन्हा आवाज चढला, मात्र तो दिवस पाच ओळींच्या वहीत लिहिल्यावर लक्षात आले की धाकट्याला आदल्या रात्री ताप होता आणि त्या दिवशी कोणाकडूनच काही मागायला नको होते.

काकू, सासूबाईंना मी निमकीचे विचारले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग भाकरी थापता थापता म्हणू लागल्या. दोन ठिकाणी अडल्या, तेव्हा स्वतःशीच हिशेब करून पुढे गेल्या. आता संध्याकाळी त्या भाकरीचे अर्धे आणि पाव करून दोघांना वाढतात आणि कोणाकडे किती पाव आहेत ते विचारतात. काल मुलीने बाबांना दारातच सांगितले की दोन पाव म्हणजे एक अर्धा होतो आणि आजीला हे आईच्या आधीपासून येते. रविवारी ते दोघांना घेऊन अंबाझरीला जाणार आहेत.