मदत हवी आहे : हातात ४१ कामे आणि सगळीच तातडीची, सुरुवात कुठून करावी?

हिशेबाची_वही (९ तारीख, दुपारी १२:१०)
कामांचा क्रम कसा लावावा, याबद्दल कृपया लवकर मार्गदर्शन करावे. कोल्हापुरात शाहूपुरीत माझे छोटे कार्यालय आहे. काल रात्री साडेअकराला राहिलेल्या कामांची यादी केली, तर ती ४१ वर गेली. ज्यांची घाई आहे त्यांच्यापुढे तांबड्या पेनाने फुली मारायची असे ठरवले आणि पान संपले तेव्हा ३३ फुल्या झाल्या होत्या. आज सकाळपासून तीन कामे उघडली, पण एकही पुरे झाले नाही, कारण ज्याचा फोन येईल त्याचे काम मी पुढे ओढत राहिले. लवकर उठण्याचा सल्ला कृपया देऊ नये, मी पाचला उठते. ११ तारखेच्या आत उत्तर हवे आहे.

ओतकाम_शिरोली
ताई, कार्यालय कसले, कामे कसली आणि हाताखाली कोणी आहे का, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. ११ तारीख म्हणता त्यावरून जीएसटीचे काम असावे असे वाटते, पण अंदाजावर सल्ला देणे बरे नव्हे.

नियोजनप्रिय
काम कोणतेही असो, चार चौकोन आखावेत : पहिल्यात तातडीचे आणि महत्त्वाचे, दुसऱ्यात महत्त्वाचे पण तातडीचे नसलेले, तिसऱ्यात नुसते तातडीचे, चौथ्यात दोन्ही नसलेले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात तातडीचे आणि महत्त्वाचे यांतला भेद सांगितला होता, त्यावरूनच ही चौकोनांची पद्धत पुढे रूढ झाली. मी दहा वर्षे ती वापरतो आहे आणि मला आजवर दुसऱ्या कशाची गरज पडलेली नाही.

हिशेबाची_वही
करसल्ल्याचे कार्यालय आहे, हे लिहायचे राहिले. मासिक जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत ११ तारखेला, तिमाहीवाल्यांची १३ ला, भविष्य निर्वाह निधीचा भरणा १५ ला, ३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, २० ला आणि टीडीएसचे (उगमस्थानी कापलेल्या कराचे) तिमाही विवरणपत्र ३१ ला. मदतनीस मुलगी बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर आहे. नियोजनप्रिय यांचे चौकोन मी गेल्या महिन्यातच आखले होते, पण पहिल्या चौकोनात इतकी गर्दी झाली की बाकीचे तीन कोरेच राहिले.

स्पष्टवक्ता
फी वाढवा. निम्मे लोक आपोआप दुसरीकडे जातील आणि उरलेले तुमच्या वेळेची किंमत ओळखतील.

ओतकाम_शिरोली
फी वाढवल्याने परवाची ११ तारीख पुढे जाणार नाही. आमच्याकडे एका यंत्रावर अनेक कामे अडली की मुदतीप्रमाणे रांग लावतात आणि वेळ मोजत जातात. ज्या कामापाशी मुदत चुकते असे दिसते, तिथपर्यंतच्या रांगेतले सर्वांत लांब काम काढून शेवटी टाकतात. मूर नावाच्या संशोधकाने १९६८ मध्ये मांडलेली ही रीत आहे आणि उशीर झालेल्या कामांची संख्या तिने कमीत कमी राहते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

नियोजनप्रिय
संख्या कमी राहील, हे मान्य. पण तुमचा नियम सगळे उशीर सारखेच धरतो आणि माणसे सारखी नसतात. सर्वांत लांब काम बहुधा सर्वांत मोठ्या ग्राहकाचेच असते. त्यालाच शेवटी टाकायचे काय?

उद्यमनगर_लेथ
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे माझे विवरणपत्र असेच एक ताई भरतात. विलंबशुल्क रोजचे ५० रुपये, ते मी एक वेळ सोसेन. परंतु माझे बिल १४ तारखेला तयार होणाऱ्या खरेदीदाराच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीबिलांच्या तक्त्यात, दिसले नाही, तर त्याला त्या महिन्यात क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळत नाही आणि तो माझ्या बिलातली जीएसटीची रक्कम अडवून ठेवतो. मागच्या दिवाळीत माझे ८६ हजार असेच अडकले होते. त्यामुळे दंड किती हे पाहू नका, त्या कामापाशी आणखी कोण अडून बसले आहे ते पाहा.

रंकाळा_पहाट
शून्य विवरणपत्रे, म्हणजे काहीच व्यवहार न झालेल्यांची, १४४०९ या क्रमांकावर एसएमएस करूनही भरता येतात, ती आधी उरकून टाकावीत.

हिशेबाची_वही
ते ठाऊक आहे. पण सत्यापनाचा क्रमांक ग्राहकाच्या मोबाइलवर जातो आणि आमचे ग्राहक त्या वेळी त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर पालखीच्या गर्दीत होते. सहा जणांकडून तो क्रमांक मिळवण्यात कालची अख्खी दुपार गेली आणि मिळाला तो एकाचाच.

निवृत्त_लेखापाल
या ४१ पैकी किती कामांची सगळी कागदपत्रे आज तुमच्या टेबलावर आहेत, एवढेच कृपया मोजून सांगा. ज्याचे बिलच आलेले नाही ते काम आज तुमचे नाही, त्याचे आहे. आमच्या विभागात अशा फायली वेगळ्या कपाटात ठेवत आणि त्यांची विचारणा दिवसातून एकदाच, दुपारी चारला होत असे.

स्पष्टवक्ता
सरकारी कपाटात ठेवलेली फाईल पुन्हा बाहेर येत नाही, हा अनुभव आम्हा नागरिकांना आहे.

हिशेबाची_वही (९ तारीख, दुपारी ३:२५)
मोजले. १९ कामे कोणाच्या ना कोणाच्या वाटेकडे डोळे लावून आहेत : कोणाची खरेदीबिले गुळाच्या पिशवीत भरून 'उद्या' येणार आहेत, कोणी बिलाचा फोटो पाठवला आहे त्यात रकमेवर अंगठा आहे, आणि सत्यापनवाले पाच जण आहेतच. उरलेल्या २२ पैकी आठांची मुदत १५ किंवा त्यानंतरची आहे. म्हणजे ११ तारखेची खरी कामे १४, त्यांतली बारा प्रत्येकी पाऊण तासाची आणि दोन प्रत्येकी साडेतीन तासांची, असे एकूण १६ तास भरतात. आज रात्री, उद्या आणि परवा मिळून माझ्याकडे २० तास आहेत, त्यामुळे लांब काम शेवटी टाकावे की टाकू नये हा वाद मला लागूच होत नाही. लेथवाल्या दादांचे ऐकून ती दोन लांब कामेच आधी घेते, कारण दोघांचेही खरेदीदार पुण्याचे आहेत आणि बिले अडवणारे आहेत.

ओतकाम_शिरोली
चार तास हाताशी ठेवले आहेत, तेवढे फोनच खातील. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

हिशेबाची_वही (११ तारीख, रात्री ९:४०)
चौदापैकी तेरा गेली. चौदाव्याने आज सायंकाळी सांगितले की दोन क्रेडिट नोटा (विक्रीची रक्कम कमी केल्याचे कागद) द्यायच्या राहिल्या आहेत. फोन स्वयंपाकघरात होता, चारला घेतला, तेव्हा २७ मिस्ड कॉल होते आणि त्यांतले ११ त्याचेच होते.